रेकग्नाइजच्या घरचे पाहुणे

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना माझ्या तोंडून अजूनही कधीकधी निघून जातं, "गुड मॉर्निंग सर, मी हरिओम." साहेब कॉम्प्युटरवरून नजर काढतात आणि म्हणतात, "दिसतोय मला." शेजारच्या टेबलावरची मंडळी हसतात. त्यांना माझं बोलणं तसंही गावठी वाटतं, त्यात ही भर. पण चिखली तालुक्यातल्या उंद्रीला अवचार सरांच्या क्लासमध्ये शिकलेला माणूस उंबरठा ओलांडताना स्वतःचं नाव घेतोच. आमच्या अंगात ते मुरलंय, तिखटात तेल मुरावं तसं.

क्लास होता एका कृषी केंद्राच्या माडीवर. लोखंडी जिना चढून गेलं की आधी फवारणीच्या औषधाचा वास यायचा, मग खडूचा, आणि मग इंग्रजी सुरू व्हायचं. ज्ञानेश्वर अवचार सरांचे धंदे दोन. सकाळ-संध्याकाळ इंग्रजीची शिकवणी, आणि लग्नसराईत सोयरिका जमवणं. शर्टाच्या एका खिशात खडू, दुसऱ्या खिशात उपवर पोरापोरींचे बायोडाटे. कधीकधी घाईत उलटं व्हायचं. एका पोराच्या बापाला बायोडाटा म्हणून त्यांनी खडू काढून दिला होता, असं लोक सांगतात. मी पाहिलेलं नाही, पण नाकारतही नाही.

दोन धंदे वेगळे आहेत असं सरांना कधी वाटलंच नाही. त्यांच्या हिशेबानं इंग्रजी भाषा म्हणजे चिखली तालुक्यापेक्षा जरा मोठा मुलूख. तिथंही घराणी असतात, मानपान असतात, आणि कोणाचं कोणाशी जमतं, कोणाशी जमत नाही, हे ठरलेलं असतं. आमच्यातल्या कोणी 'मेक होमवर्क' लिहिलं की सर कपाळावर हात मारायचे.

"ही सोयरीक कोनं जमोली बे? होमवर्क ही डूच्या घरी देल्लेली पोरगी हाय. ते मेकच्या घरी काऊन जाईन?"

"सर, पाऊस हेवीच काऊन? स्ट्राँग काऊन नाही?"

"काऊनबिऊन काही नाही. त्याईचं जमलं, पंगती उठल्या, मांडवबी सोडला. आता तू मोडाले आला काय?"

त्यांचं सगळ्यांत लाडकं घराणं म्हणजे रेकग्नाइज. हा धडा ते दरवर्षी आखाडीच्या सणाच्या आसपास घ्यायचे आणि नवा शर्ट घालून यायचे. फळ्यावर आधी उतरत्या छपराचं एक घर काढायचं, त्यावर 'रेकग्नाइज' लिहायचं आणि दाराशी एकेक पाहुणा उभा करायचा. फेस, व्हॉइस, हँडरायटिंग हे घरचेच, रोज येणारे, यांना बसायला सांगावं लागत नाही. नीड, राइट, इम्पॉर्टन्स ही इज्जतदार मंडळी, काम असलं की येणार आणि खुर्चीवरच बसणार. मग साइन, सिम्प्टम, डेंजर, प्रॉब्लेम. हे नकोसे पाहुणे. "पन दारात आलेल्याले पानी देल्लंच पाहिजे," सर बजावायचे, "नाही देल्लं तर ते मागच्या दारानं येते अन् मंग जेवूनच जाते." घराला जावईही होते. इन्स्टंटली हा थोरला, हाक मारायच्या आधी हजर. हार्डली आणि बेअरली हे धाकटे, कायमचे रुसलेले. ऑफिशियली हा सरकारी नोकरीवाला, त्याचा तोरा वेगळा. आणि 'फेल टू' हा घरातलाच भांडकुदळ काका, तो पुढे येऊन उभा राहिला की जमलेलं सगळं उलटं.

आज मी ऑफिसात इंग्रजीत मेल लिहितो तेव्हा व्याकरण आठवत नाही. छपराचं घर आठवतं, आणि कोणता पाहुणा कुठं बसवायचा ते आपोआप कळतं.

या धड्याचा सराव म्हणजे खेळच होता. सर आमच्याकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करायचे. कोणीतरी एक वाक्य म्हणायचं आणि सरांनी पाठमोरंच सांगायचं, "आय इन्स्टंटली रेकग्नाइज्ड युअर व्हॉइस. डिंपल." आम्ही आवाज बदलायचो, नाक दाबायचो, एकमेकांच्या पाठीमागून बोलायचो. सर चुकले नाहीत कधी. "हरिओम, नाक सोड, मरशीन."

सरांचा हा चमत्कार आम्ही गावभर सांगत फिरलो. ते पाठमोरे असोत की समोर तोंड करून, त्यांना सारखंच आहे, हे कळायला मात्र वेळ लागला.

कळलं ते असं. पाण्याचा मोठा जार मागच्या बाकावर ठेवलेला होता. कोणीतरी त्याच्यावर आपला रेनकोट टाकला होता आणि वर टोपी. सरांनी धडा थांबवून तिकडे बोट केलं.

"ए मागच्या बाकावरच्या! मंघापासून पाहून राह्यलो, वही उघडली नाही तू. उभा राह्य!"

जार उभा राहिला नाही.

"मस्ती आली काय बे? उभा राह्य म्हनलं ना!"

वर्गात एवढी शांतता की खाली दुकानात कोणीतरी युरियाचं पोतं आपटलं तेही ऐकू आलं. हसू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून मयुरी उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी सर."

"बस. उद्यापासून ध्यान देजो," सर म्हणाले आणि पुन्हा खडू घेऊन वळले.

मयुरी आमच्या गावची नव्हती. नांदुऱ्याकडच्या वडगावची. बारावीपर्यंत शिकायला मामाकडे उंद्रीला आलेली. मागच्या कोपऱ्यात बसायची, कमी बोलायची, पण बोलली की आवाज असा, जसा पितळेच्या गडव्यावर चमचा लागावा. तिची वही भरलेली, तिचा गृहपाठ झालेला, आणि ती एका पाण्याच्या जारच्या वाटची बोलणी खाऊन मुकाट खाली बसली. त्या दिवशी जिना उतरताना आम्ही काही ठरवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी डिंपल दारातच थांबून म्हणाली, "गुड मॉर्निंग सर, मी डिंपल." तिच्यामागे मी. माझ्यामागे सगळे. पुढच्या वर्षी आलेल्या पोरांना वाटलं की क्लासचा हा नियमच आहे. पालकांना वाटलं, सर इंग्रजांचे म्यानर्स शिकवतात. दोन-चार पोरं तर त्याच कौतुकामुळे वाढली.

घरची आघाडी सोजराबाई सांभाळत. सरांच्या या बायकोइतकी हुशार बाई मी पाहिली नाही. ओट्यावर सर बसलेले, कोणी गल्लीतून येताना दिसलं की आतून त्यांचा आवाज, "अजी, नारायणराव आले वाट्टे! च्या ठेवू काय?" की सर लगेच, "या नारायणराव, बसा." गावाला वाटायचं, बाई काय आतिथ्यशील आहे! चहापत्ती मात्र फार लागायची त्यांच्या घरी.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरनं केव्हाच सांगितलं होतं. सर म्हणायचे, "पिकू द्या. कच्चं काहाडू नये." जणू डोळ्यात सीताफळ धरलंय. सोजराबाई म्हणत, "पिकून पिकून सडलं वं बाई ते आता." पण सर ऐकत नसत, आणि आम्ही पोरं तर असं काही आहे हेच ऐकलेलं नाही अशा चेहऱ्यानं वावरायचो. तो चेहराही त्यांना दिसत नव्हता म्हणा.

सगळं असंच निभावलं असतं. कुलदीपचं लग्न मध्ये आलं.

कुलदीप हा माझा चुलतभाऊ. मिरची-टमाट्याच्या रोपांची त्याची नर्सरी आहे, शेडनेट टाकलंय, पोरगा सरळ. त्याच्यासाठी सरांनी स्थळ काढलं ते वडगावच्या पंजाबरावांच्या काजलचं. काजलच्या आत्याची सोयरीकही पूर्वी सरांनीच जमवली होती, घर माहितीतलं. पाहण्याचा दिवस ठरला. नारायणराव म्हणजे माझे काका, विमलकाकू, कुलदीप आणि सर असे बोलेरोत बसले. गाडी चालवायला मी, बारावी होऊन चार बुकं जास्त शिकलेला आणि सुट्टीवर आलेला. सोजराबाईंचे गुडघे त्या आठवड्यात बसले होते, त्या आल्या नाहीत. निघताना माझ्या खिडकीशी येऊन हळू म्हणाल्या, "हरिओम, सरांच्या संग संगच राह्यजो बाप्पा."

खामगाव सोडलं तेव्हा सर खुशीत होते.

"या वडगावची एक पोरगी होती आपल्या क्लासले. मयुरी. काय आवाज होता! रेडिओवर पाह्यजे होती ते."

"तिचं घर माहीत हाय काय सर?" मी विचारलं.

"नाही बे. तिच्या मामाले ओळखतो ना मी."

गावात शिरलो. सर पुढच्या सीटवर ताठ बसले. "निळं फाटक, आंगनात निंब. चाल सरळ." मी सरळ चाललो. आता अडचण अशी की त्या गल्लीत कोणीतरी निळ्या रंगाचे डबे घाऊक आणून वाटले असावेत, आणि निंबाचं झाड कोणाच्या अंगणात नसतं?

"सर, इचारून घेऊ काय कोनाले?"

"इचारतात परके मानसं. मी या घरची एक पोरगी उजवली हाय. हे! हेच! थांबव."

थांबवली. आणि खरं सांगतो, शंका यायला जागाच नव्हती. फाटकात रांगोळी, ओट्यावर सतरंजी, कूलर चालू, टोपी घातलेला एक माणूस धावत पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "या जी, या! वाटच पाहून राह्यलो होतो तुमची."

तो माणूस पंजाबराव नव्हता. ते होते गोविंदराव, मयुरीचे वडील. मयुरीचं लग्न शेगावला जमलेलं होतं आणि त्या दिवशी व्याह्यांकडची साखरपुड्याला न आलेली थोरली मंडळी, जी यांनी अजून पाहिलेली नव्हती, तिथी काढायला येणार होती. गोविंदरावांना वाटलं, तीच आली. आम्हाला वाटलं, आपलीच वाट पाहत होते. आणि आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेलच. आलेल्या पाहुण्याला पाणी, पोहे, चहा होईस्तोवर 'तुम्ही कोण, कशाला आलात' असं विचारायचं नसतं. विचारलं तर तो अपमान. त्यामुळे जवळजवळ तासभर दोन घरांनी एकमेकांचं मनापासून आदरातिथ्य केलं आणि एकालाही दुसरा कोण ते ठाऊक नव्हतं.

"रस्त्यानं तरास नाही ना झाला?" गोविंदराव.

"नाही जी. खामगावपावतर रोड झकास हाय," काका.

"आं? खामगावहून कायले आले तुमी?"

"मंग कुठून येनार?"

दोघेही हसले. पाहुण्याच्या बोलण्यावर हसायचं, हीही रीतच.

आतल्या दारात बायका जमल्या होत्या. मयुरीच्या आईनं विमलकाकूंना विचारलं, "नवरदेव नाही आले काय?"

काकूंनी कुलदीपकडे बोट केलं. "हा काय बसला."

बायकांनी कुलदीपकडे पाहिलं. नवरदेव त्यांनी साखरपुड्यात पाहिलेला होता. सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "काहीबी मस्करी करता बाई तुमी! हा तं देर दिसते, नवरदेवाचा भाऊ."

विमलकाकूंचा चेहरा पडला. कुलदीप माझ्या कानाशी लागला. "हरिओम, मी इतला खराब दिसून राह्यलो काय बे?"

पोहे झाले. चहाचा ट्रे घेऊन पोरगी बाहेर आली, आणि मी तिला पाहताक्षणी ओळखलं. सरांच्या भाषेत सांगायचं तर थोरला जावई धावत आला. मयुरीनंही मला पाहिलं. मग सरांना. मग काकांना, काकूंना, घाम पुसणाऱ्या कुलदीपला. तिच्या डोळ्यांत एकेक गोष्ट जागेवर बसताना मला दिसली, आणि शेवटी तिची नजर सरांवर येऊन थांबली. तिला सगळं कळलं होतं. आता तोंडातून कोणी काही काढलं की काय होईल, तेही.

मी घसा खाकरायच्या आत सरांनी खाकरला. सोयरीक जमवणाऱ्याचा तो ठेवणीतला आवाज.

"हं, बाई. नाव सांग तुहं. शिक्षन किती झालं?"

गोविंदरावांच्या कपाळाला आठी पडली. साखरपुडा झालेल्या सुनेला व्याह्यांकडचा माणूस नाव विचारतो?

मयुरीनं ट्रे सतरंजीवर ठेवला. पुढे आली, वाकली, कप सरांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं बशीच्या काठाभोवती नीट बसवली, क्लासमध्ये आम्ही करायचो तशी. आणि त्यांच्या कानाशी, अगदी हळू, म्हणाली, "सर, मी."

एवढंच. बाकीच्यांना ऐकूही गेलं नसतं. तिनं सगळं झाकलं होतं, पुन्हा एकदा. पण सर! त्यांचा चेहरा असा उजळला की ओट्यावर दिवा लागला.

"मयुरी!" ते ओरडलेच. "अवं मयुरी! तू इथं काय करून राह्यली?"

मयुरीनं डोळे मिटून घेतले. "सर, हे आमचं घर हाय."

काकांनी कुलदीपकडे पाहिलं, कुलदीपनं माझ्याकडे.

"म्हंजे?" काका म्हणाले. "मंग काजल?"

"काजलचं घर मागं राह्यलं जी," मयुरीची आई दारातून म्हणाली, आणि मग एकदम कुलदीपकडे पाहून, "अगाई!"

गोविंदराव वाईट माणूस नाही. त्यांना खरंच कळेना म्हणून त्यांनी विचारलं. "सर, दोन साल पोरगी तुमच्यापुढं बसली. अन् तुमी तिले नाव इचारून राह्यले? तुमाले दिसत नाही काय जी?"

सरांनी कप खाली ठेवला. ट्रे जिथं होता तिथं नाही, त्याच्या जरा अलीकडे. चहा सतरंजीवर पसरला. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर सगळ्या क्लासनं, सोजराबाईंनी, चहापत्तीच्या कितीतरी पुड्यांनी पांघरूण घातलं होतं, ती तिथं ओल्या सतरंजीवर उघडी पडली.

बाहेर फाटकाशी पंजाबराव उभे होते. आमची बोलेरो त्यांच्या गल्लीत येऊन भलत्याच दाराशी थांबलेली त्यांनी केव्हाचीच पाहिली होती. "चालू द्या," ते म्हणाले. "आमचे पोहे गार झाले, ते ढोराले टाकले." त्यांच्या पाठीमागून म्हातारी गोजरबाई, त्यांची आई, गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होती, "दारावरून गाडी नेली अन् शेजारच्याकडं जेवले! उद्या पोरगीबी शेजारच्याचीच नेतीन!" आणि फाटकाच्या फटीतून एक पोरगी पोट धरून हसत होती. ती काजल. कुलदीपनं तेवढंच पाहिलं.

परतीला निघालो. खामगाव आल्यावर कुलदीप म्हणाला, "पन त्याईनं मले देर समजलं, खराब नाही समजलं ना?" काकांनी मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो उंद्रीपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसला. सर समोर बघत होते, म्हणजे जिकडे समोर असतं तिकडे.

आमच्या आधी बातमी पोहोचली होती. मोबाईल आहेत ना सगळ्यांकडे. काका तर पारावर उघड म्हणाले, "ज्याले समोरची पोरगी दिसत नाही, तो आमाले पोरगी दाखोते." आणि मग जे म्हणायला नको ते लोक म्हणू लागले. फळ्यावरच्या ओळी एकमेकींवर चढतात, मास्तर तपासतो तरी काय? एकेक पोर कमी व्हायला लागलं. सरांनी उरलेल्यांना स्वतःच सांगितलं, येऊ नका. लोखंडी जिन्याच्या दाराला कुलूप लागलं. खडूही बंद, बायोडाटेही बंद. सर ओट्यावर बसून राहू लागले आणि सोजराबाई कोणी आलं तरी आतून नाव घेईनात. आता उपयोग काय?

मी भेटायला गेलो तर म्हणाले, "मास्तरकी डोळ्यानं नाही चालत बे, लोकाईच्या भरोशानं चालते. तो गेला." आणि पुढे, "जाय तू."

मयुरी आली ती लग्नाच्या दोन महिने आधीच, आईबरोबर, मामाच्या घरी आवतण द्यायला. तिथून ती सरांकडे आली, तेव्हा मी ओट्यावरच होतो. फाटकातच थांबली, सवयीनं म्हणाली, "सर, मी मयुरी." सरांनी मान खाली घातली.

"माह्यानं तुह्या घरी शोभा झाली वं पोरी."

"शोभा कायची? आमचे पाव्हणे तं त्या दिवशी संध्याकाळी आले. तुमी आले नसते तं पोहे कोनं खाल्ले असते?" ती ओट्याच्या काठावर बसली. "सर, क्लास काऊन बंद केला?"

"दिसत नाही म्हून."

"मंग दिसन असं करा ना."

"पिकू दे—"

"सर." तिनं वाक्य मध्येच तोडलं. आम्ही कोणी कधी तोडलं नव्हतं. "तुमीच सांगत होते ना, रेकग्नाइजच्या घरी फेस येते, व्हॉइस येते, अन् प्रॉब्लेम नावाचा पाव्हणाबी येते? दारात आलेल्याले पानी देल्लं पाहिजे. किती वर्सं उभा हाय तो तुमच्या दारात? एक गिलास पानी नाही देल्लं तुमी त्याले."

सोजराबाई आतून बाहेर आल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सरांनी त्या दिशेला तोंड वळवलं. मग जे बोलले ते सोजराबाईंनासुद्धा ठाऊक नव्हतं.

"माह्या बाचा डोळा गेला होता. असंच काहाडाले नेलं होतं, कुठल्याशा शिबिरात. मी हात धरून घरी आनला त्याले. तवापासून..." त्यांनी हातानं चेहऱ्यासमोर काहीतरी पुसल्यासारखं केलं. "मले अंधाराचं भेव नाही. हे जे थोडंसं धुरकट हाय ना, हेबी जाईन याचं भेव वाटते. यात निदान सोजरा कुठी उभी हाय तेवढं कळते."

"इतकी वर्सं मले सांगतलं नाही," सोजराबाई म्हणाल्या. आवाज तापला होता, पण डोळे वाहत होते. "मी काय परकी होती?"

"आता तशी कापाकापी नसते सर," मयुरी म्हणाली. "चहा पिऊन होईस्तोवर होते. अन् ऐका, तुमाले माह्या लग्नाले या लागन. स्टेजवर येऊन मले ओळखा लागन. मी आवाज देनार नाही. नवरी बोलत नसते."

"बिनबोलता कसा ओळखू?"

"तुमचं तुमी पाहा," म्हणाली आणि उठली.

खामगावला ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, महिनाभरानं दुसरा. दवाखान्यात सोजराबाई अशा बसल्या होत्या जसं त्यांचंच पोट फाडणार आहेत. पट्टी निघाली तेव्हा सरांनी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्याकडे. पाहतच राहिले.

"तुहे केस कधी पांढरे झाले वं?"

"तुमाले इचारून व्हाले पाह्यजे होते काय?" म्हणाल्या आणि पदर डोक्यावर ओढून घेतला, लग्नातल्यासारखा.

मी घरी भेटायला गेलो. ओट्यावर काळा चष्मा लावून सर. मला येताना पाहून त्यांनी चष्मा काढला, नीट बघितलं, आणि अदबीनं म्हणाले, "या जी. बसा. कोनाकडून आले?"

मी चप्पल काढून ओट्यावर चढलो.

"सोयरिकीचं असन तं आता आपुन ते काम सोडलं, बरं."

"सर, मी."

"हरिओम!" त्यांनी माझा दंडच पकडला. मला जवळ ओढून तोंडाकडे बघत राहिले. "असा हायेस काय तू? मले वाटे तू उंच असशीन." मग म्हणाले, "बोलत राह्य बे, थांबू नोको. आवाजाले चेहरा लावून घेऊन राह्यलो." मी काय बोलणार? क्लासमधली वाक्यं म्हणत गेलो, आय रेकग्नाइज्ड हिज हँडरायटिंग, वी मस्ट रेकग्नाइज द नीड, आणि ते मान हलवत माझं कपाळ, नाक, नुकतीच फुटलेली दाढी असं एकेक बघत होते, जसा एखादा बाप स्थळाचा मुलगा बघतो. त्या आठवड्यात जुनी पोरं एकेक करून येऊन गेली. सगळ्यांची तीच तपासणी. डिंपलला म्हणाले, "तुह्या आवाजावरून मले तू जाडी वाटत होती वं." ती आठ दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

जुळवाजुळवीचं काम सोडलं म्हणाले खरं, पण दिसू लागल्यावर सरांनी एसटीनं पहिली फेरी केली ती वडगावची. एकट्यानं. रस्ता विचारत. पंजाबरावांच्या ओट्यावर बसून गार पोहे मागून खाल्ले म्हणतात. मग गोजरबाईनंच गरम करून आणले. कुलदीप-काजलचं पुढं जमलं, आणि काजल अजूनही पाहुण्यांसमोर त्याला 'देर' म्हणते, ही त्याची शिक्षा.

मयुरीचं लग्न शेगावात होतं. मोठं कार्यालय, घामाघूम वऱ्हाडी, बुंदीचा वास. अक्षता पडल्यावर भेटायला रांग लागली. सर रांगेत, त्यांच्यापुढे सोजराबाई, मागे मी. स्टेजवर मयुरी उभी होती, मुंडावळ्या, शालू, ब्यूटी पार्लरनं एवढा रंग चढवलेला की तिच्या आईलाही चुकायला झालं असतं. सर समोर गेले. ती हसली, पण ओठ घट्ट मिटलेले. बोलली नाही.

सर बघत राहिले. हा चेहरा त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. ती क्लासला आली तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत धुरकट झालं होतं. ओळखणार कशावरून? नवरी आहे म्हणजे मयुरी, एवढं तर कोणीही सांगेल.

"बोल ना वं एकदा," सर हळूच म्हणाले.

तिनं मान हलवली. नाही.

मागून रांग कुरकुरायला लागली. फोटोवाला म्हणाला, "काका, कॅमेऱ्याकडे पहा." सरांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच बघत, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा क्लासमधल्या आवाजात ते म्हणाले, "मागच्या बाकावर पान्याचा जार होता. अन् उभी तू राह्यली होती. कोपऱ्यातून."

मयुरीचे डोळे मोठे झाले. माझेही.

"आवाज कोपऱ्यातून आला होता पोरी. अन् मी बोट कुठी केलं होतं? बाकाकडं." सर हसले. "आंधळा होतो, बहिरा थोडी होतो. तुमी सगळे पोट्टे दारात नाव घेत होते, मले काय समजत नव्हतं? पन इतल्या चांगल्या मनानं फसवून राह्यले म्हनलं, फसा लागते."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी बरोबर जागी, न चाचपडता.

"त्या दिवशी दिसली नव्हती तू मले. आज दिसली. हेच तोंड असन म्हनलं होतं, अस्संच."

नवरी बोलत नसते. पण मयुरीच्या तोंडून त्या गडव्यावरच्या चमच्यासारख्या आवाजात, अगदी त्या दिवशीसारखं, निघून गेलं, "सॉरी सर."

"बस," सर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही नवरी आहे, हिला बसायला कोण सांगतं? आणि ते असे लाजले की फोटोवाल्यानं तेवढ्यात बटण दाबलं. तो फोटो आजही क्लासमध्ये फळ्याच्या वर लावलेला आहे. क्लास पुन्हा सुरू झालाय, आता खाली, रस्त्याला लागून. सर अजून शिकवतात. दारावरून आत येताना पोरं अजूनही नाव घेतात. मी एकदा म्हटलं, "सर, आता तं दिसते तुमाले."

"दिसते ना," सर म्हणाले. "पन नुसतं दिसून काय होते बे? नाव घेऊन आत ये."